आक्काताईंची वेगळी चूल

“पेपर वाचून झाला की सांगा सायेब, मी थांबती,” असं म्हणून आक्काताई म्हेतर माझ्या टेबलासमोरच्या बाकावर टेकल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच दम लागला होता आणि बसायला निमित्त हवं होतं. मला मात्र तो टोमणाच वाटला, म्हणून मी पेपर उलटा करून त्यांच्यापुढे धरला.

“हा पेपर मी तुमच्यासाठीच वाचतोय आक्काताई. तुमच्याच कामाची बातमी आहे यात.”

तेव्हा मी आरोग्यमित्र होतो. गोरगरिबांसाठी सरकारची विम्याची योजना होती. पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड असलं की मोठमोठी ऑपरेशनं फुकट व्हायची. त्या योजनेचं टेबल आमच्या हॉस्पिटलच्या दारातच होतं आणि त्या टेबलावर मी, सुकुमार मगदूम. वय सत्तावीस, गळ्यात ओळखपत्र आणि सगळे नियम तोंडपाठ. डॉक्टर माणूस तपासायचे, मी त्याचे कागद तपासायचो, आणि मनातल्या मनात मला वाटायचं की माणूस वाचतो तो खरा माझ्यामुळे. “मगदूमसाहेबांना विचारा” असं नर्सनं कुणाला सांगितलं की मी मुद्दाम जरा उशिरानं मान वर करायचो.

आक्काताई चोपन्न वर्षांच्या होत्या. आमचं गाव यंत्रमागांचं. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसते, त्या कांड्या भरायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. आता हृदयाची एक झडप निकामी झाली होती. मुंबईचे सर्जन महिन्यातून एकदा आमच्याकडे यायचे, आणि डॉ. कित्तुरे बाईंनी आक्काताईंना अठरा एप्रिलची तारीख दिली होती. लगेच का नाही, तर अंगात रक्त कमी होतं.

“आठ आहे,” कित्तुरे बाईंनी माझ्यासमोरच बजावलं होतं. “दहाच्या वर गेल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत. दोन महिने गोळ्या घ्यायच्या. पालेभाजी, गूळ, अंडी, पोटभर जेवायचं. कष्ट करायचे नाहीत आणि धुरात बसायचं नाही. कळलं का?”

“कळलं की,” आक्काताई म्हणाल्या होत्या. “म्हंजे म्हाराणीसारकं ऱ्हायाचं.”

ही फेब्रुवारीतली गोष्ट. आणि त्या दिवशीच्या पेपरात बातमी होती की योजनेचे नियम बदलणार. कार्डावरच्या एकाही माणसाला कायमचा पगार असेल आणि त्याचा फंड कापला जात असेल, तर एक एप्रिलपासून ते सगळं कार्डच योजनेतून बाद. बातमीच्या शेवटी ‘प्रस्ताव विचाराधीन’ असेही दोन शब्द होते. ते मी वाचले होते. पण सरकार देताना विचार करतं, काढून घेताना करत नाही, असं माझं त्या वयातलं ठाम मत होतं.

तेवढ्यात गोळ्या घेऊन शिवानंद आला. आक्काताईंचा एकुलता एक मुलगा. सुताला खळ लावायच्या सायझिंग कारखान्यात तो चार महिन्यांपूर्वीच कायम झाला होता.

“फंड कापतात का रे तुझा?” मी विचारलं.

“व्हय की,” तो खुशीत म्हणाला. “गेल्या दिवाळीपास्नं.”

“मग तुझ्या आईचं ऑपरेशन बोंबललं.”

मी असंच बोलायचो. आधी घाबरवायचं आणि मग वाट दाखवायची, म्हणजे वाटेची किंमत कळते. शिवानंदचा चेहरा उतरला. मी त्याला बातमी वाचून दाखवली. त्यानं दोनदा वाचायला लावली.

“मी नोकरी सोडू का मग?”

“सोडतोस कशाला? डोकं चालव जरा. कार्ड एक आहे म्हणून भानगड आहे. कार्ड वेगळं केलं की तुझा पगार वेगळा आणि आई वेगळी. आईला काय पगार आहे? काही नाही. झालं काम.”

आक्काताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. केशरी, कडेला चिकटपट्टी लावलेलं. पहिल्या पानावर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचाच फोटो होता. खाली शिवानंद, सून राजश्री आणि दोन नातवंडं.

आता खरं तर सरळ मार्ग होता. कार्ड आईचं, तेव्हा आईला तिथंच ठेवायचं आणि बाकीच्या चौघांची नावं काढून त्यांचं नवं कार्ड करायचं. मी तसं म्हणालोही. पण नाव कमी झाल्यापासून नवं कार्ड हातात पडेपर्यंत त्या नावावरचं धान्य बंद राहतं, हेही मी सांगितलं. हुशार माणूस काही लपवत नाही.

“चौघांचंबी धान्य बंद?” आक्काताईंनी विचारलं.

“महिनाभर. फार तर दीड.”

“मग ऱ्हाऊ द्या. माजं एकटीचंच नाव काडा. पोरांच्या पोटावर कशापायी?”

“आई, फोटो तुजा हाय कार्डावर,” शिवानंद म्हणाला.

“मग आता राजश्रीचा लाव. ती तरी कवा मालकीन हुनार?” असं म्हणून त्या हसल्या आणि हसता हसता पुन्हा दम लागला.

मीही हट्ट धरला नाही. चौघांची नावं काढायची म्हणजे चौघांचे आधार, चौघांचे कागद. एक नाव काढायला एक अर्ज पुरतो. मला ते सोपं वाटलं. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

अर्ज माझ्याकडे असायचेच. मी भराभर भरत गेलो. कारणाच्या रकान्यात ‘विभक्त राहतात’ असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

“कोन विभक्त?” आक्काताई दचकल्या. “आमी काय भांडलो न्हाई सायेब. सुनंचं आन् माजं तोंड वाकडं झालेलं आख्ख्या चाळीत कुनी बगितलं न्हाई. ऑपरेशनसाठी म्हनून लिवा की सरळ.”

“असं चालत नाही आक्काताई. हे नुसतं कागदापुरतं असतं.”

खाली स्वयंघोषणा होती. ‘मी स्वतंत्र राहत असून माझी चूल वेगळी आहे.’ तीही मी वाचून दाखवली. रेशनकार्डाच्या जगात घर एक की दोन, हे भिंतींवरून ठरत नाही, चुलीवरून ठरतं. त्यांनी ते वाक्य मला परत वाचायला लावलं.

“चूल वेगळी हाय, असं मी सही करायची?”

“होय.”

“आन् कुनी बगाय आलं तर?”

“येतात कधीकधी चौकशीला. तेव्हा वेगळी चूल दिसली पाहिजे, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.”

त्यांनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “बरं.”

शिवानंदनं शाईचा पॅड पुढे सरकवला. आक्काताईंनी तो बाजूला केला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या सही शिकल्या होत्या. पेन घेऊन, जीभ दातांत धरून त्यांनी सात अक्षरं काढली. मधे एकदा थांबून श्वास घेतला. सही झाल्यावर ती वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

त्या रात्री माझ्या फुशारकीला ऊत आला होता. मोबाइलवर मी सगळ्या ओळखीच्यांना निरोप पाठवला. ‘एक एप्रिलपासून आरोग्य योजनेत बदल. घरात पगारदार असेल तर आजच कार्ड वेगळं करा. सर्वांना कळवा.’ सकाळपर्यंत पन्नासेक लोकांचे जोडलेले हात येऊन पडले होते. मला फार बरं वाटलं.

आक्काताईंचं नाव आठ दिवसांत कमी झालं. मी फोन करून शिवानंदला कळवलं, नव्या कार्डाचा अर्जही दुसऱ्याच दिवशी द्यायला लावला. एक एप्रिल आला आणि गेला. वरून आदेश काही आला नाही. मला वाटलं, येईल उशिरानं. सरकारी काम.

सोळा एप्रिलला शिवानंद आईला भरती करायला घेऊन आला. आक्काताईंनी स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसलं होतं. फेब्रुवारीपेक्षा त्या बारीक दिसत होत्या. टेबलापर्यंत येताना दोन वेळा थांबल्या.

“नवीन कार्ड?” मी हात पुढे केला.

“आलं न्हाई आजून,” शिवानंद म्हणाला. “पावती हाय. चारदा जाऊन आलो. तिथं जत्रा भरल्यागत गर्दी हाय सायेब.”

पावतीवर काही होत नाही हे मला माहीत होतं. तरी मी संगणकावर जुन्या कार्डाचा नंबर टाकला. राजश्री म्हेतर, शिवानंद म्हेतर, दोन पोरं. आक्काताई नव्हत्या. आधारचा नंबर टाकला. ‘नोंद आढळली नाही.’ मी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. माझ्या समोर बसून पदरानं वारा घेणारी बाई सरकारच्या लेखी कुठल्याच घरात नव्हती, आणि तिला तिथून बाहेर काढायचा अर्ज माझ्या अक्षरात होता.

“काय झालं सायेब?” शिवानंदनं विचारलं.

“काही नाही. साईट चालत नाही. आधी बाईंना दाखवून या.”

अर्ध्या तासानं कित्तुरे बाई स्वतःच बाहेर आल्या. हातात रक्ताचा रिपोर्ट होता.

“मगदूम, मंजुरी राहू दे. सहा पॉइंट नऊ आलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे आठ होतं ते वाढायचं सोडून कमी झालंय. मी विचारलं, गोळ्या घेतल्या का, तर म्हणते घेतल्या. जेवता का, तर म्हणते जेवते. मग रक्त गेलं कुठं? मुलगा तर पायांकडे बघत उभा.” बाई चिडल्या होत्या. “एक पिशवी रक्त मी हॉस्पिटलच्या खात्यातून चढवते आणि उद्या घरी सोडते. ऑपरेशन आता पुढच्या महिन्यात, सोळा मे. तोवर तू तुझे कागद नीट करून ठेव.”

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तेच वाटलं. रक्त कमी भरलं म्हणून माझी चूक झाकली गेली होती. महिना मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुरवठा कार्यालयात गेलो. शिवानंद म्हणाला ते खरं होतं, पाय ठेवायला जागा नव्हती. निरीक्षक घाटगे माझ्या ओळखीचे. त्यांच्या टेबलावर अर्जांचे गठ्ठे दोरीनं बांधून ठेवले होते. दोन जमिनीवरही होते.

“भाऊसाहेब, एवढे कसले अर्ज?”

“कार्ड फोडायचे!” घाटगे उखडले. “आख्खं गाव येका महिन्यात विभक्त झालंय. बाप वेगळा, ल्योक वेगळा, सासू वेगळी. दोन वर्षांत येत न्हाईत एवढे अर्ज मार्चमधी आले. का, तर कुना शान्यानं हे फिरवलं.”

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. वर लाल दिव्यांची चित्रं होती, उद्गारचिन्हं होती, ‘आरोग्य योजना बंद!’ असं मोठ्या अक्षरांत होतं. ते माझं नव्हतं. पण खाली ‘घरात पगारदार असेल तर आजच कार्ड वेगळं करा. सर्वांना कळवा’ हे शब्द जसेच्या तसे माझे होते. नाव मात्र कुणाचंच नव्हतं.

मी त्यांचा मोबाइल हळूच बाजूला सारला.

“पण नियम बदललाय ना?” मी कसंबसं विचारलं.

“कुठं बदललाय? मसुदा हुता त्यो. हरकती मागवल्या, ढिगानं आल्या, मार्चमधीच गुंडाळून ठेवला. पेपरात आलंय की कोपऱ्यात. तुमी योजनेचं मानूस आन् मलाच इचारता व्हय?” घाटगेंनी पाण्याचा घोट घेतला. “ज्यांनी काय केलं न्हाई त्यांचं जुन्या कार्डावर समदं चालू हाय. ज्यांनी शानपना केला ते बसल्यात लोंबकळत.”

आक्काताई काहीच न करता फेब्रुवारीपासून घरी बसल्या असत्या तर काल त्यांना मंजुरी मिळाली असती. मी म्हेतरांचा अर्ज नंबर सांगितला आणि हात जोडले. हृदयाचं ऑपरेशन आहे भाऊसाहेब, एवढा एक वर काढा, म्हटलं. निरोप माझा होता, हे म्हटलं नाही.

घाटगे माणूस वाईट नव्हते. “चौकशी केल्याशिवाय मला सही करता येत न्हाई. चूल बगाय लागंल. चला, आत्ताच जाऊन येऊ.”

आता माझी आणखी पंचाईत. चाळीतल्या दोन खोल्या, घरात एकच गॅस. घाटगेंना ते दिसलं की अर्ज फेटाळला जाणार. मी शिवानंदला फोन लावला, तो लागेना. स्कूटरवर घाटगेंच्या मागं बसून मी वाटभर थाप जुळवत होतो. म्हातारी आजारी आहे म्हणून सध्या सुनेकडे जेवते, असं काहीतरी.

दारात राजश्री होती. मला बघून तिनं पदर सावरला, पण या म्हणाली नाही.

“म्हेतर आक्काताई हितंच ऱ्हात्यात? त्यांची चूल कुठं हाय?” घाटगेंनी विचारलं.

मी थापेसाठी तोंड उघडलं. पण राजश्री आत वळली आणि मागचं दार उघडून बाजूला उभी राहिली.

मागं संडासाच्या भिंतीला टेकून पत्र्याचा एक आडोसा होता. त्याखाली विटांची, मातीनं लिंपलेली चूल होती. शेजारी एक तवा, एक पातेलं, एक ताट, एक तांब्या आणि पिठाचा डबा. आक्काताई चुलीपुढे बसून फुंकणीनं फुंकत होत्या. आडोसा धुरानं भरला होता. हाताला, रक्ताची पिशवी चढवताना सुई टोचली होती तिथं, अजून पांढरी पट्टी होती.

आम्हाला बघून त्या भिंतीला धरून उठल्या. खोकल्या, डोळे पुसले आणि घाटगेंना म्हणाल्या, “या सायेब. बगा, हाय वेगळी.”

इतक्या समाधानानं म्हणाल्या की मला त्यांच्याकडे बघवेना.

घाटगेंनी वाकून चूल पाहिली, कागदावर काहीतरी टिपलं. “लोकं शेजारनं शेगडी आनून ठेवत्यात आन् आमाला वेड्यात काडत्यात. ही वापरातली हाय. राखंवरनंच कळतंय. चार-आठ दिवसांत कार्ड मिळंल मावशी.” त्यांचा फोन वाजला म्हणून ते बोलत बोलत पुढच्या दारानं बाहेर गेले.

ते जाताच राजश्री माझ्यावर फुटली.

“झालं समाधान तुमचं? दोन महिनं झालं सायेब! सही केली त्या दिवशी संध्याकाळी विटा गोळा केल्या. गॅसजवळ येत न्हाईत. माज्या हातचा घास घेत न्हाईत. मी भाजी दिली तर म्हंत्यात, त्यो शिवाचा पगार हाय, मी वेगळी हाय. रेशनचा तांदूळ दिला तर म्हंत्यात, त्या कार्डावर माजं नाव न्हाई, खाल्ला तर चोरी. त्यांचं धान्य तर बंदच झालं. गाठीला चार पैसं हुतं त्यातनं पीठ आनत्यात. भाकरी आन् चटनी, भाकरी आन् चटनी. ह्यांनी पाय धरलं त्यांचं. पोरं रडली. मला चाळीतल्या बायका म्हनाय लागल्या, आजारी सासूला भाईर काडली.”

“गप गं,” आक्काताई म्हणाल्या. “त्यांनी काय वाईटासाठी सांगिटलं व्हय?”

कित्तुरे बाईंनी विचारलं होतं, रक्त गेलं कुठं. ते इथं गेलं होतं. माझ्या पाच मिनिटांच्या अर्जानं ते इथं आणून ओतलं होतं.

“आक्काताई,” मी पुढे झालो, “मी कागदापुरतं म्हणालो होतो हो.”

“तुमी म्हनालासा. पर सही माजी हाय न्हवं? चूल वेगळी हाय म्हनून सही करायची आन् आत बसून सुनंच्या हातचं गिळायचं, मग त्या सहीला काय अर्थ? आन् कुनी आलं असतं तर तुमीच खोटं पडला असता. आज आलंच की.” त्या हसल्या. “बगा, उपेगी पडली का न्हाई?”

धूर डोळ्यांत जात होता. आक्काताईंनी एक लाकूड मागं ओढलं, खाली बसल्या आणि मान वर करून सहज विचारलं.

“कायदा लागला न्हवं सायेब, एक तारखंला?”

राजश्री माझ्याकडे बघत होती. घाटगेंचा आवाज रस्त्यावरून येत होता. ‘नाही लागला, तुमची चूल उगीच मांडली गेली, आत चला आणि जेवा’ एवढं बोलायला मला एक श्वास पुरला असता. ते बोललो असतो तर पुढच्या श्वासाला त्या घरात मगदूमसाहेब कुणी उरला नसता.

“हो,” मी म्हणालो. “लागला.”

“मग झालं तर. फुकट न्हाई गेलं,” आक्काताई म्हणाल्या.

मी बरंच समजावलं. चौकशी झाली, आता आत जेवा, डॉक्टर रागावल्यात, रक्त वाढायला हवं. त्या ऐकून घेत होत्या.

“सोळा तारखंला ऑपरेशन हू दे,” शेवटी त्या म्हणाल्या. “कायदा हाय म्हनल्यावर मधीच मोडून कसं चालंल? ऑपरेशन झालं की येकदाच चूल मोडू आन् बसू समदी येका ताटाला.”

एकोणतीस एप्रिलला कार्ड आलं. केशरी, कोरं करकरीत. पहिल्या पानावर आक्काताईंचा फोटो, कुटुंबातील सदस्य एक. मी त्याच दिवशी मंजुरीसाठी कागद पाठवले आणि तीन दिवसांत मंजुरी आली. इतक्या लवकर मंजुरी मी कधी आणली नव्हती. त्या दिवसांत रोज घरून निघताना ठरवायचो की आज चाळीत जायचं आणि सांगून टाकायचं. संध्याकाळी सायकल दुसऱ्याच रस्त्याला लागायची.

सात मेला सकाळी शिवानंदचा फोन आला. आक्काताई चुलीत लाकूड सारता सारता तिथंच कलंडल्या होत्या. दवाखान्यात आणेपर्यंत संपलं होतं. कित्तुरे बाई म्हणाल्या, अशी झडप कधीही दगा देते, ऑपरेशन झालं असतं तरी शाश्वती नव्हती. ते वाक्य मी पुष्कळ दिवस जवळ बाळगलं. त्याचा उपयोग झाला नाही.

बाराव्यानंतर दोन दिवसांनी शिवानंद माझ्या टेबलाशी आला. डोक्याचे केस नुकते उगवत होते. त्यानं तीच प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आतलं नवं कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

“ह्यातनं आईचं नाव कमी करायचं हाय म्हनं. त्योच अर्ज आसतोय न्हवं?”

तोच असतो. मी तो काढला आणि भरला. एकाच माणसाचं कार्ड, ते नाव काढल्यावर त्यात मागं काही राहत नव्हतं. कारणाच्या रकान्यापाशी मी थांबलो.

“मयत लिवा,” शिवानंद म्हणाला. मग टेबलावर हात ठेवून म्हणाला, “तुमी लई केलंसा सायेब. घरापोत्तर सायबाला आनलासा. आई शेवटपोत्तर तुमचं नाव काडत हुती. म्हनायची, त्यांनी आदीच सांगिटलं म्हनून, न्हाईतर कायदा लागल्यावर आपन काय केलं असतं?”

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. त्यानं सही केली, अर्ज घेतला, घडी करून खिशात ठेवला. दोन पावलं गेला आणि परत फिरला.

“सायेब, आजून येक इचारायचं हुतं. ती चूल. ऑपरेशन झाल्यावर मोडू, असं आई म्हनली हुती. तवापास्नं आमी तिला हात लावला न्हाई. राजश्री रोज लोटून काडती तेवढंच. आता मोडली तर चालंल न्हवं? परत कुनी चौकशीला येनार न्हाई न्हवं?”

शिवानंद उत्तराची वाट बघत उभा होता. त्याच्यामागं बाकावर दोन पेशंट हातात कार्ड घेऊन बसले होते, नर्स मला हाक मारत होती. खरं उत्तर होतं, कधीच गरज नव्हती.

“आता नाही येणार कुणी,” मी म्हणालो. “मोडा.”

त्यानं मला हात जोडले आणि दुसऱ्या पाळीला उशीर होतो म्हणून तो घाईनं निघून गेला.